चांगुलपणा रक्तातला की वळणाचा?

१. रोजचा प्रश्न

माणूस चांगला जन्माला येतो की चांगला घडवला जातो? हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतला वाटतो, पण तो आपल्या चाळींत आणि गल्ल्यांत रोज विचारला जातो. एखाद्या मुलानं रिक्षात सापडलेलं पाकीट शोधाशोध करून मालकाला परत केलं, की लोक म्हणतात, "घरचं वळण चांगलं." त्याच घरातल्या धाकट्यानं चार जणांची उधारी बुडवली, की तेच लोक म्हणतात, "मुळातच तसा आहे तो." आईबाप एकच, घर एकच, शाळाही एकच. मग एकाच्या बाबतीत वळण आणि दुसऱ्याच्या बाबतीत मूळ, असं कसं? 'खाण तशी माती' म्हणणारे आणि 'मूल म्हणजे मातीचा गोळा' म्हणणारे आपल्याकडे एकाच ओट्यावर बसलेले असतात, आणि दोघांनाही आपापल्या बाजूचे दाखले सापडतात.

गोंधळ होतो, कारण एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत. ते आधी वेगळे करू.

पहिला प्रश्न कळवळ्याचा. दुसऱ्याला लागलं, दुसरा रडला, तर आपल्या आत काही हलतं का?

दुसरा न्यायाचा. कुणाला किती मिळावं, काय केलेलं चालतं आणि काय चालत नाही, हे आपल्याला कुठून कळतं?

तिसरा परिघाचा. हा कळवळा आणि हा न्याय आपण कुणाकुणाला लागू करतो? घरच्यांनाच, जातीपुरता, भाषेपुरता, की समोर येईल त्या माणसाला?

या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. एकेक घेऊ. सुरुवात करू आमच्या कल्याण–कर्जत मार्गावरच्या एका खऱ्या घटनेपासून.

२. वांगणीतले ते काही सेकंद

उल्हासनगरहून कर्जतकडे जाताना अंबरनाथ, बदलापूर आणि मग वांगणी लागते. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांतली अनेक माणसं लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून पोट भरतात.

१७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकावर एक दृष्टिहीन आई आपल्या लहान मुलासोबत फलाटावरून चालली होती. मुलाचा तोल गेला आणि ते रुळांवर पडलं. आई फलाटाची कड चाचपडत राहिली, पण मूल नेमकं कुठं आहे ते तिला कळेना. समोरून एक्सप्रेस येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून, गाडीच्या दिशेनं, धावत सुटले. त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ढकललं आणि स्वतः वर चढले. पाठोपाठ गाडी धडधडत निघून गेली. हे सगळं स्थानकावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि देशभर पाहिलं गेलं.

या घटनेचे दोन भाग आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला भाग धावण्याचा. तिथं हिशेब मांडायला वेळच नव्हता. आपलाही जीव जाऊ शकतो हा विचार मनात येऊन गेला, तरी मुलाला वाचवायचंच असं ठरवलं, असं शेळके यांनी नंतर सांगितलं. दुसरा भाग नंतरचा. रेल्वेनं त्यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस दिलं, तेव्हा त्यातली अर्धी रक्कम त्याच मुलाच्या शिक्षणासाठी आणि भल्यासाठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. हा निर्णय शांतपणे, विचार करून घेतलेला होता.

धावणं क्षणाचं, देणं विचाराचं. पाहणाऱ्याला वाटतं, पहिलं जन्मजात असणार आणि दुसरं संस्कारांचं. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

३. झटकन म्हणजे जन्मजात?

अमेरिकेत दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना कार्नेगी हीरो पदक दिलं जातं. डेव्हिड रँड आणि झिव्ह एप्स्टाइन यांनी अशा ५१ जणांच्या मुलाखती तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला. बहुतेकांनी आधी उडी घेतली होती आणि विचार नंतर केला होता. ज्यांच्या हाताशी विचार करण्याइतका वेळ होता, त्यांतल्या अनेकांनीही तेच केलं होतं.

म्हणजे धैर्य रक्तातच असतं? इथं एक उदाहरण मदतीला घेऊ, आणि तेच या प्रकरणात शेवटपर्यंत वापरू. ते उदाहरण भाषेचं.

तुमचा पाय ठेचाळला तर तोंडून 'आई गं' निघतं. क्षणभरही विचार करावा लागत नाही. पण म्हणून मराठी जन्मजात ठरत नाही. तुम्ही उल्हासनगरच्या कॅम्प १ मधल्या सिंधी घरात जन्मला असता, तर सिंधीत कळवळला असता. कुठलीही भाषा शिकण्याची क्षमता मूल जन्मतःच घेऊन येतं. कुठली भाषा शिकायची हे घर आणि गल्ली ठरवतात. आणि एकदा ती अंगवळणी पडली की इतकी झटकन येते, की जणू जन्मतःच मिळाली होती.

याचा एक सुंदर पुरावा आपल्याच अक्षरांचा आहे. 'ट' आणि 'त' यांतला फरक आपल्याला सहज ऐकू येतो, पण इंग्रजी घरात वाढलेल्या प्रौढ माणसाला तो पकडणं अवघड जातं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना मात्र हिंदीतल्या या दोन ध्वनींतला फरक कळतो. ती बाळं वर्षाची होईपर्यंत हा फरक बहुतांशी पुसला जातो. घरात जे ध्वनी ऐकू येतात ते टिकतात, उरलेले मावळतात.

नीतीचंही बरंचसं असंच आहे. म्हणून एखादी कृती झटकन झाली एवढ्यावरून ती जन्मजात ठरत नाही. वर्षानुवर्षं रुळांवर काम केलेल्या माणसाच्या पायांना रुळांची सवय असते आणि गाडीच्या अंतराचा अंदाज असतो. ती शिकलेली गोष्ट आहे. पण धावावं असं वाटणं कुठून आलं? त्यासाठी जिथं शिकवण अजून पोचलेली नाही तिथं, म्हणजे बाळांकडे, पाहावं लागेल.

४. बोलण्याआधीचं बाळ

सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग २००७ मधला, येल विद्यापीठातला. काइली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी बाळांना लाकडी आकारांचा छोटासा खेळ दाखवला. एक गोल टेकडी चढण्याची धडपड करतो. एक आकार त्याला खालून वर ढकलतो, दुसरा वरून खाली लोटतो. मग बाळापुढे दोन्ही आकार ठेवले. सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी आणि दहा महिन्यांच्या १६ पैकी १४ बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. बाळांना चांगलं-वाईट कळतं, अशी बातमी जगभर झाली.

पण एका प्रयोगावर विज्ञान विसंबत नाही. पुढे अनेक देशांतल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून हाच खेळ हजारावर बाळांवर करून पाहिला. तेव्हा निवड जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली, म्हणजे नाणं फेकल्यासारखी. त्यामुळे सहा महिन्यांचं बाळ न्यायाधीश असतं, असं आज कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

याहून भक्कम पुरावा थोड्या मोठ्या मुलांचा आहे. २००६ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर साधे प्रसंग घडवून आणले. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो आहे. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि हात काही पोचत नाही. तो मुलाकडे मदत मागत नाही, बक्षीस देत नाही, 'शाबास'ही म्हणत नाही. तरी दुडुदुडु चालणारं मूल जाऊन चिमटा उचलून देतं. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. आणि खरी गंमत पुढे आहे. त्या माणसानं चिमटा मुद्दाम फेकला, तर मुलं तो सहसा उचलून देत नसत. म्हणजे मूल नुसतं वस्तू उचलत नव्हतं. समोरच्या माणसाला काय हवंय आणि तो कुठं अडलाय, हे ते ओळखत होतं.

दीड वर्षाच्या मुलाला घरातलं काहीच वळण नसतं असं नाही. पण न मागता, अनोळखी माणसाला, इतक्या सहज केलेली मदत नुसत्या शिकवणीनं समजावता येत नाही. कळवळ्याचं मूळ जन्मजात आहे, असं म्हणायला इथं चांगला आधार आहे.

५. निसर्गाला हे कशाला हवं?

जगण्याच्या झगड्यात दुसऱ्याला मदत करणारा मागे पडायला हवा. मग ही वृत्ती टिकली कशी? चार्ल्स डार्विनला हा प्रश्न पडला होता, आणि १८७१ च्या पुस्तकात त्यानं माणसाच्या नीतिबुद्धीचं मूळ कळपानं राहणाऱ्या प्राण्यांच्या सामाजिक प्रवृत्तींत शोधलं होतं. नंतर दोन स्पष्टीकरणं पुढे आली.

पहिलं नात्याचं. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टननं गणितानं दाखवलं, की जवळच्या नातलगासाठी झीज सोसणारी वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, कारण नातलगाच्या अंगात आपलीच काही जनुकं असतात. आई उपाशी राहून लेकराला भरवते, तेव्हा ती असा हिशेब करत नसते. पण अशी माया असलेल्या आयांची लेकरं जगली, म्हणून माया टिकली.

दुसरं परतफेडीचं. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं मांडलं, की नातं नसलेल्यांतही मदत टिकते, जर पुन्हापुन्हा गाठ पडणार असेल आणि बुडवणारा ओळखता येत असेल. आज तुमच्याकडचा गॅस संपला म्हणून शेजारीण तिच्या शेगडीवर दूध तापवून देते, उद्या तिची मुलगी तुमच्याकडे अभ्यासाला बसते. दोघींचंही भलं होतं. जो नुसता घेतो आणि देत नाही, त्याच्यासाठी हळूहळू दारं बंद होतात.

या दोन्ही स्पष्टीकरणांतून एक गोष्ट हाती लागते आणि ती पुढे कामाला येणार आहे. निसर्गानं दिलेला कळवळा आधी घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी आहे. अनोळखी माणसापर्यंत तो आपोआप पोचेल, याची निसर्गानं हमी दिलेली नाही.

६. न्याय: 'मला कमी' आणि 'मला जास्त'

आता दुसरा प्रश्न. घरात दोन मुलं असली की न्याय समजावून सांगावा लागत नाही. "त्याला मोठा तुकडा, मला छोटा!" ही तक्रार कुठल्याही भाषेत ऐकू येते.

२०१५ मध्ये पीटर ब्लेक, कॅथरीन मॅकॉलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या चार ते पंधरा वर्षांच्या मुलांना समोरासमोर बसवून एक खेळ खेळवला. त्यात भारतही होता. खाऊची वाटणी आधीच ठरलेली असे, समजा एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला १. एका मुलाच्या हातात दोन दांडे. एक ओढला तर ठरल्याप्रमाणे वाटणी होणार, दुसरा ओढला तर दोघांनाही काहीच नाही.

आता समजा, तुमच्या वाट्याला १ आहे आणि समोरच्याच्या ४. तुम्ही 'नको' म्हणालात तर तुमचा १ ही जातो. तरीही सातही समाजांतली मुलं वाढत्या वयात असं 'नको' म्हणू लागली. स्वतःवरचा अन्याय त्यांना खाऊपेक्षा जास्त बोचला.

मग बाजू उलटली. तुमच्या वाट्याला ४, समोरच्याच्या वाट्याला १. इथं 'नको' म्हणणं म्हणजे दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी स्वतःचे चार सोडणं. असं करणारी मुलं सातांपैकी तीनच समाजांत दिसली आणि तीही जरा मोठ्या वयाची. भारतातल्या मुलांत हे दिसलं नाही. त्यावरून आपली मुलं कमी चांगली ठरत नाहीत. आपल्याकडे अनोळखी मुलाला खाऊ देण्याचे, मोठ्यांचा मान राखण्याचे रिवाज वेगळे आहेत. पण मुद्दा पक्का आहे: 'मला कमी मिळालं' ही टोचणी जवळजवळ सगळीकडे आपसूक उगवते, 'मला जास्त मिळालं' ही टोचणी शिकावी लागते.

मोठ्या माणसांतही संस्कृतीचा हात दिसतो. एकाला १०० रुपये द्या आणि सांगा, की यातले किती समोरच्याला द्यायचे ते तू ठरव. समोरच्यानं नाकारलं तर दोघांनाही शून्य. जोसेफ हेन्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ १५ छोट्या समाजांत नेला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी २६ टक्के देऊ केले आणि घेणाऱ्यांनी ते मुकाट्यानं घेतले. इंडोनेशियातल्या लामालेरा गावच्या लोकांनी सरासरी ५८ टक्के देऊ केले. तिथं देवमाशाची शिकार सगळ्यांनी मिळून करावी लागते आणि मांसाची वाटणी काटेकोर असते. पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नौ लोकांनी तर निम्म्याहून जास्त देऊ केलेलंही कधीकधी नाकारलं, कारण तिथं घेतलेली भेट म्हणजे डोक्यावर ऋण. लग्नात कुणी किती आहेर केला हे वहीत लिहून ठेवणाऱ्या आपल्याला हे समजायला वेळ लागू नये.

७. रीत वेगळी, नीती वेगळी

मुलांना आणखी एक गोष्ट लवकर कळते: रीत आणि नीती यांतला फरक. एलियट टुरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर हा फरक अनेक प्रयोगांतून दाखवला. तो आपल्या नळावर तपासून पाहू.

सामायिक नळावर हंडे-बादल्यांची रांग लागलेली आहे. चार वर्षांच्या मुलीला विचारा, "उद्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, की रांग नको, तर चालेल?" ती बहुधा म्हणेल, "चालेल." आता विचारा, "उद्या सगळ्यांनी ठरवलं, की पुढच्याला ढकलून पाडायचं, तर चालेल?" ती म्हणेल, "नाही, त्याला लागेल." रांग ही रीत आहे, ती बदलता येते. ढकलून पाडणं ही इजा आहे, ती कुणी परवानगी दिली म्हणून चांगली होत नाही. लहान मुलांना हा फरक कळतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं.

पण रीत कुठं संपते आणि नीती कुठं सुरू होते, ही रेषा सगळीकडे सारखी नसते. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांसमोर ३९ प्रसंग ठेवून १९८७ मध्ये तुलना प्रसिद्ध केली. वचन मोडणं, निरुपद्रवी जनावराला लाथ मारणं वाईट, यावर दोन्हीकडे एकमत होतं. पण वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरात घोर अपराधांत गणला गेला. शिकागोत त्यात काही वावगं कुणाला दिसलं नाही.

मग दोन्हीकडच्या माणसांची नीती वेगळी म्हणायची का? जरा खोल पाहिलं तर वेगळंच दिसतं. सुतक मोडल्यानं वडिलांच्या आत्म्याला क्लेश होतात, अशी भुवनेश्वरातल्या लोकांची श्रद्धा होती. दुसऱ्याला दुखवू नये हा कळवळा दोन्हीकडे तोच होता. कुणाला आणि कशानं दुखतं, याची समजूत संस्कृतीनं वेगळी दिली होती. भाषेचं उदाहरण इथं पुन्हा लागू पडतं: बोलण्याची ओढ सगळ्यांची, शब्द आपापल्या घरचे.

८. परीघ: आपला कोण, परका कोण?

आता तिसरा आणि सगळ्यात जड प्रश्न. परकेपणा माणूस शिकतो, की जन्मतःच घेऊन येतो?

उत्तर सुखावणारं नाही. कॅथरीन किन्झलर, इमॅन्युएल ड्युपू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००७ मध्ये दहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर दोन बायका दाखवल्या, एक इंग्रजी बोलणारी, एक फ्रेंच. दोघींनी एकाच वेळी खेळणं पुढे केलं. अमेरिकेतल्या बाळांनी इंग्रजी बोलणारीकडून खेळणं घेणं जास्त पसंत केलं, फ्रान्समधल्या बाळांनी फ्रेंच बोलणारीकडून. 'आपल्यातला' माणूस ओळखून त्याच्याकडे झुकण्याची प्रवृत्तीही फार लवकर येते.

म्हणजे निसर्ग दोन गोष्टी एकत्र देतो: कळवळा, आणि तो आपल्यांपुरता राखण्याचा कल. संस्कृती यातलं काय वाढवते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

संस्कृती परीघ किती आवळू शकते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मुंग्यांना साखर घालणारी, गायीला घास काढून ठेवणारी माणसं आपल्यासारख्याच माणसाला पाण्याला शिवू देत नव्हती. ती सगळी निर्दय होती, म्हणून असं घडलं का? नाही. त्यांच्या कळवळ्याभोवती कुंपण घातलं गेलं होतं, आणि ते कुंपण म्हणजेच धर्म, असं त्यांना लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा आव्हान दिलं गेलं ते या शिकवणीला. संस्कार हा शब्द आपण नेहमी गौरवानं उच्चारतो. पण अस्पृश्यताही संस्कारांतूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, हे विसरून चालणार नाही.

९. परीघ वाढतो कसा?

परीघ आवळता येतो तसा वाढवताही येतो. कॅम्प १ ज्या शहराचा भाग आहे, त्या शहराची कहाणी याच संदर्भात समजून घ्यायला हवी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिच्या बॅरेकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचे पाच भाग 'कॅम्प' म्हणूनच राहिले. पत्त्यात बॅरेक नंबर आजही लिहिला जातो.

बॅरेकीत काय झालं ते डोळ्यांसमोर आणा. कुणी कराचीचे, कुणी शिकारपूरचे, कुणी लारकान्याचे. सिंधमध्ये आमिल आणि भाईबंद या सिंधींच्याच दोन गटांत सोयरिकीपासून व्यवसायापर्यंत अंतर होतं. इथं एका लांबलचक बॅरेकीत अनेक कुटुंबं, मधे चादरींचे आडोसे, नळ आणि शौचालयं सगळ्यांची मिळून. शेजारी निवडायची सोय नव्हती. ट्रिव्हर्सनं सांगितलेल्या दोन्ही अटी इथं पुऱ्या होत होत्या: रोज गाठ पडणार आणि कोण कसा वागतो हे सगळ्यांना दिसणार. गाव हरवलेल्या माणसांना परक्यांना आपलं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला, कोकणातून आणि घाटावरून कामगार आले. आज कॅम्प १ मध्ये सिंधी आणि मराठी कुटुंबं शेजारी राहतात, शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाला हात जोडतात आणि चेटीचंडला झुलेलालाचा प्रसादही घेतात. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण परिघात कोण येतं, हे रोजच्या सहवासानं बदलतं, याचा हा जिवंत दाखला आहे.

दुसरा मार्ग घरातल्या शिकवणीचा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते. ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. त्या काळच्या रीतीप्रमाणे नंतर अंघोळ करायलाही सांगते. जुनी रीत अजून सुटलेली नाही, पण कळवळ्यानं तिच्यावर मात केली आहे, असा तो क्षण आहे. हेच साने गुरुजी पुढे पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १ ते १० मे १९४७ उपोषणाला बसले. तेव्हा अंघोळीचा प्रश्नच उरला नव्हता. एका पिढीत परीघ इतका सरकू शकतो.

याला जगातूनही पुष्टी मिळते. नाझींच्या काळात ज्यूंना वाचवणाऱ्या चारशेहून जास्त माणसांना सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्यानं बोलतं केलं आणि १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. या माणसांच्या बालपणात एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली. त्यांच्या आईवडिलांनी मारझोड कमी केली होती आणि कारणं समजावून जास्त सांगितली होती. आणि चांगलं वागायचं ते सगळ्यांशी, फक्त आपल्या लोकांशी नाही, असं शिकवलं होतं.

१०. मग आपण काय करायचं?

तिन्ही उत्तरं एकत्र ठेवू. कळवळ्याचं मूळ जन्मजात आहे. न्यायाची पहिली टोचणी आपसूक उगवते, पण ती बहुतांशी स्वतःपुरती असते. दुसऱ्यासाठी टोचायला लागते ती शिकवणीनं. आणि परीघ जन्मतः लहान असतो. तो किती मोठा व्हायचा, हे जवळजवळ पूर्णपणे घर, शाळा, शेजार आणि कायदा ठरवतात. म्हणून 'रक्तात असावं लागतं' हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्याआड आपण आपली जबाबदारी लपवतो.

घरात करण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

एक, मुलाच्या मदतीला लाच लावू नका. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये दाखवलं, की मदतीबद्दल खेळणं मिळालेली वीस महिन्यांची मुलं पुढे बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही.

दोन, 'देव बघतोय' किंवा 'मार खाशील' यापेक्षा 'तिला लागलं बघ' हे सांगा. पहिल्या दोन वाक्यांत मुलाचं लक्ष स्वतःकडे जातं, तिसऱ्यात दुसऱ्याकडे.

तीन, वाटणी करताना 'तुला जास्त आलंय का?' हेही विचारा. 'कमी आलं का?' ते विचारावं लागत नाही. ते मूल स्वतःच सांगतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलांना वेगळी भाषा बोलणाऱ्या, वेगळ्या देवाला हात जोडणाऱ्या, वेगळ्या वस्तीतल्या मुलांबरोबर खेळू द्या. त्यांच्या घरी जेवू द्या, त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवा. जेवणाच्या ताटावर आणि पाण्याच्या घोटावर आपण शतकानुशतकं माणसं वेगळी केली. ती जोडायचीही तिथंच.

वांगणीत त्या मुलासाठी धाव घेतली गेली, तेव्हा ते कुणाचं, कुठल्या जातीचं, काय भाषा बोलणारं, हे कुणी विचारलं नाही. तशी धाव घेण्याची क्षमता जवळजवळ प्रत्येक मूल घेऊन येतं. पण तुमचं मूल उद्या कुणाकुणासाठी धावेल, हे आज तुम्ही त्याच्यासमोर कुणाकुणाला आपलं म्हणता यावर ठरणार आहे. म्हणून आजपासून जरा जास्त माणसांना आपलं म्हणा.